हलणारा सा

नमस्कार मंडळी. मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, पुढच्या दोन रांगा मोकळ्याच आहेत आणि शेवटी मी एक तबकडी लावणार आहे, ती लांबून नीट ऐकू येणार नाही.

पत्रिकेवर विषय छापलाय 'शास्त्रीय गाण्याच्या नव्या श्रोत्यानं सुरुवात कुठून करावी'. त्यावर बोलणारच आहे, पण आधी मी कुठून आलो ते सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. मी गाणं शिकलेलो नाही, घरात कुणी गाणारं नव्हतं. इथंच कोल्हापुरात, उद्यमनगरात आमचं लेथचं शॉप आहे, बुश, शाफ्ट, पंपाचे पार्ट ही कामं. आणि नाद म्हणाल तर ऑडिओचा. ॲम्प, स्पीकर, टर्नटेबल.

मागं इथल्याच एका हॉलमध्ये गाणं होतं. गाणाऱ्या बाईंच्या मागं दोन तानपुरे जुळवून बसलेले आणि मला त्यातला एक पण ऐकू येईना, तबल्याचा माइक उघडा आणि आवाजावर इतका एको टाकलेला की तान कुठं संपली तेच कळत नव्हतं. मध्यंतरात मी साउंडवाल्या पोराला जाऊन म्हणलं, बाबा रे, एको काढ आणि तानपुऱ्याला थोडा वर घे. तो बिचारा तयार पण झाला. शेजारी एक बुजुर्ग रसिक उभे होते, ते म्हणाले, "तुम्ही मशीनवाले. तुम्हाला गाण्यातलं काय कळतंय? आधी राग ओळखायला शिका." मला राग ओळखता आला नव्हता हे खरंच आहे. पण तानपुरा ऐकू येत नव्हता हे पण खरं होतं आणि ते त्या सगळ्या हॉलमध्ये फक्त मी बोललो. ते वाक्य माझ्या डोक्यातनं गेलेलं नाही, कारण असं ऐकून किती पोरं परत गाण्याला आलीच नसतील. मशीनच्या दारानं आलेला माणूस हा पण गाण्याला आलेलाच माणूस असतो, हे मला आज मोकळेपणानं सांगायचंय.

आमचे सात-आठ ऑडिओवाले आहेत. रविवारी सकाळी राजारामपुरीत एकाच्या माडीवर जमतो. कुणी ॲम्प बनवलेला असतो, कुणी डॅक, म्हणजे डिजिटल फाइलचा आवाज करणारा डबा, आणलेला असतो, मिसळ झाली की दुपारपर्यंत ऐकत बसायचं. तेव्हा आम्ही काय ऐकायचो तर सिनेमाची गाणी, ड्रम, बेस गिटार, ज्याच्यात दणका आहे ते सगळं. आवाज डावीकडनं आला का उजवीकडनं, झांज किती लांब वाजली, वायर जाड घातली तर फरक पडतो का नाही. बाहेरच्याला हे खुळ वाटतं. पण दोन वर्षं असं ऐकल्यावर कानाला एक सवय लागते बघा, एकच आवाज परत परत लावून त्यात काय बदललं हे शोधायची. ती सवय पुढं कामाला आली.

तर मी एक टर्नटेबल बनवलं. प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी, आमच्याच शॉपमध्ये ॲल्युमिनियमचा टर्न केला, मधला दांडा म्हणजे स्पिंडल कडक केला, तो ज्यात फिरतो ती बुश गनमेटलची, तेलावरची. माडीवर नेलं, सिनेमाची रेकॉर्ड लावली, सगळे खूश. आमच्यात एक काका आहेत, आयुष्यभर भजनात पेटी वाजवली त्यांनी, ते म्हणाले, ढोलकीवर काय तपासतोस, वेग तपासायचा तर लांब स्वर लाव. बरोबर होतं त्यांचं. ठोक्यात वेग जरा हलला तर कानाला कळत नाही, पण गळ्यातला लांब धरलेला स्वर असेल तर लगेच उघडं पडतं. त्यांनीच घरनं एक एलपी आणून दिली, किराणा घराण्याचे मोठे गवई अब्दुल करीम खाँसाहेब, त्यांच्या १९३० च्या दशकातल्या जुन्या तबकड्या एकत्र करून काढलेली.

लावली. आणि खाँसाहेबांचा सा हलत होता. वर, खाली, वर, खाली, सावकाश.

आता मला त्या सा चं काही पडलं नव्हतं, मला माझ्या प्लॅटरचं पडलं होतं. घरी आणून स्टॉपवॉच लावलं. दहा हेलकावे, अठरा सेकंद. एलपी मिनिटाला सव्वातेहतीसच्या जरा वर, ३३⅓ फेरे फिरते म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. म्हणजे फॉल्ट मोटरमध्ये नाही, बेल्टमध्ये नाही, फेऱ्याला एकदा येणाऱ्या कशात तरी आहे. प्लॅटरला डायल गेज लावला, हातानं फिरवला, काटा जवळजवळ जागेवर. स्पिंडल काढून परत बघितला, तो पण खरा. तीन आठवडे गेले यात, रोज शॉप बंद केल्यावर तोच सा. मग एका रात्री लक्षात आलं की बाहेरच्या बाजूच्या गाण्याला हेलकावा कमी आहे आणि आतल्या गाण्याला जास्त. तिथं सापडलं. मशीन बरोबर होतं, रेकॉर्डचं भोक सेंटरला नव्हतं! कारखान्यातनंच एका बाजूला पडलेलं, एक मिलिमीटरच्या आसपास.

इथं एक हिशोब सांगतो, माझ्या आवडीचा आहे. सुई मध्यापासून ८० मिलिमीटरवर चालते आणि भोक १ मिलिमीटर बाजूला आहे, तर स्वर ८० ला १ असा चढतो, म्हणजे ८० चा ८१ होतो, आणि अर्ध्या फेऱ्यानंतर तेवढाच उतरतो. श्रुती म्हणजे स्वरांमधलं बारीकातलं बारीक अंतर. आपल्याकडं प्रमाणश्रुतीचं गुणोत्तर काय मानतात? ८१ ला ८०. म्हणजे एक मिलिमीटरच्या चुकीनं खाँसाहेब दर १.८ सेकंदाला एक श्रुती वर आणि एक श्रुती खाली जात होते. श्रुती हा शब्द मला तोवर भाषणातलाच वाटायचा, त्या दिवशी ती मला मिलिमीटरमध्ये सापडली.

मग गोल कानस घेऊन भोक थोडं मोठं केलं, रेकॉर्ड जराशी सरकवायची, सुईच्या आर्मकडं बघायचं, तो डावीउजवीकडं डुलायचा थांबला की तिथंच दाबून धरायची. सुई टेकवली आणि सा उभा राहिला. एकदम सरळ. मी खुर्चीत बसलोच. पण पुढं भैरवी आली, 'जमुना के तीर', आणि तिच्यात परत एका ठिकाणी स्वर हलला. म्हणलं अजून फॉल्ट आहे. घड्याळ लावलं तर हिशोबात बसेना, १.८ नाही, त्याच्या पटीत नाही, प्रत्येक वेळी वेगळं. स्वरावर जाताना थोडं खालनं यायचे, टेकायचे, परत जरा उचलायचे. रात्री साडेदहाला काकांना फोन केला आणि फोन स्पीकरजवळ धरला. म्हणलं काका, एवढाच एक फॉल्ट राहिलाय, कशात आहे ते सापडंना. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "बाळा, तो फॉल्ट न्हवं. ते गाणं हाय."

मशीनचं हलणं वजा केलं आणि जे हलणं उरलं ते खाँसाहेबांचं होतं. एवढंच झालं माझ्या बाबतीत, पण तिथनं मी परत फिरलो नाही. तीन आठवडे कुणी मला राग सांगितला असता तर माझ्या डोक्यात शिरला नसता, पण तीन आठवडे तो एक सा मी कुठल्याही रसिकाइतका मन लावून ऐकला होता.

आणि मशीन आणि गाणं यांचं नातं आपल्या भागाला नवीन नाही. सांगलीचे कृ. ब. देवल, त्यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. तारांच्या लांबीवरनं स्वर मोजले त्यांनी, आणि गळा कुणाचा घेतला तर याच अब्दुल करीम खाँसाहेबांचा, तेच खाँसाहेब ज्यांच्या नावानं मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला अजून गाणं होतं. क्लेमंट्स म्हणून एक इंग्रज आयसीएस अधिकारी होता, त्यानं देवलांबरोबर श्रुतींची पेटीच करवली. ती पेटी मैफलीत टिकली नाही ती गोष्ट वेगळी. पण घराण्याचा एवढा मोठा गवई एका मोजणाऱ्या माणसासमोर बसून एकेक स्वर लावत होता, तू मशीनवाला आहेस, ऊठ, असं म्हणाला नाही.

कोल्हापूरचं म्हणाल तर आपलं नशीब उलटं. अल्लादिया खाँसाहेब, शाहू महाराजांच्या दरबारचे गवई, १९४६ ला गेले, तबकड्यांचा केवढा तरी काळ डोळ्यासमोर गेला त्यांच्या, पण त्यांच्या गाण्याची एकही तबकडी बाजारात आली नाही. आपल्या गावचा सगळ्यात मोठा आवाज आपल्याला ऐकताच येत नाही, तो शिष्यांच्या गळ्यातनं शोधायचा. मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर, आणि खाँसाहेबांची मुलं मंजी खाँ-भूर्जी खाँ यांच्याकडनं शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर. केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ ला व्हॉयेजर यानावरच्या सोनेरी तबकडीतनं सूर्यमालेबाहेर जायला निघाली, त्याच सप्टेंबरात बाई गेल्या. ती तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांवर लावायची आहे आणि तसं चित्र काढून दिलंय वरती. म्हणजे ज्याला आपली भाषाच येत नाही त्याला पण आधी वेग सांगितलाय, कारण वेग चुकला तर बाई चुकल्या. आमच्या माडीवर हे सांगितलं तेव्हा सगळे उठून उभे राहिले होते.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, पत्रिकेवरचं आता पटपट सांगतो.

नव्या माणसानं पहिल्यांदा तानपुरा ऐकावा, गाणं नाही. घोडीवर तारेखाली तो बारीक दोरा असतो, तो केसभर सरकला की तार नुसती वाजायची बंद होऊन गुंजायला लागते, ती जवारी. तुमच्या फोनवर, हेडफोनवर ती गुंजताना ऐकू येते का बघा. कमी बिटरेटच्या फाइलमध्ये ती सगळ्यात आधी मरते आणि जुन्या रेकॉर्डची खरखर काढायच्या नादात पण तीच जाते, म्हणून खरखर असलेलीच घ्या, कान तिला दोन दिवसात सरावतो.

मग तीन तासांच्या मैफलीपासून सुरू करू नका, तीन-साडेतीन मिनिटांची ७८ ची तबकडी घ्या आणि तीच वीस वेळा ऐका. तिच्यात सगळं दाबून भरलेलं असतं. फक्त वेग बघा, ७८ म्हणत असले तरी सगळ्या काही बरोबर ७८ वर काढलेल्या नाहीत, ७८ ची तबकडी ७३.६ वर फिरली तर पेटीवरच्या काळी एकचा गवई अर्धा स्वर उतरून पांढरी एकमध्ये गायला लागतो. रागाचं नाव पाठ नाही झालं तर राहू दे, एकच राग दोघांचा ऐकला की ते आपोआप कळायला लागतं, एखादा राग मन्सूरांचा ऐका मग मोगूबाईंच्या मुलीचा, किशोरीताईंचा. घराण्यांबद्दल पण बोलायचं होतं, ते राहिलं.

एकच महत्त्वाचं. तुमच्यातल्या किती जणांच्या घरात घरगुती मैफलीच्या कॅसेट, स्पूल पडून असतील, वडिलांनी, आजोबांनी भरलेल्या. आपल्याकडच्या पावसाला चार महिन्यांत टेपवर पांढरी बुरशी धरते. तशी टेप डेकमध्ये घालू नका, तुटते, आणि हेडला लागून पुढची पण खराब होते. आणि भंगारात तर अजिबात देऊ नका. शॉपवर घेऊन या, रविवार सोडून कधीही. पैसे नाही घेणार, टेप साफ करून उतरवून देतो, मूळ टेप तुमची तुम्हाला परत.

आता तबकडी लावतो. तीच आहे, भोक मोठं केलेली. ते वरचे पंखे जरा बंद करा, आणि तुम्ही दार लोटून घ्या ताई. झालं? टेकवतो.