टूथलेस पाच वर्षं कुठे अडकला होता?

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन'चा (टूथलेस हा त्यातलाच काळा ड्रॅगन) दुसरा भाग शाळेत असताना बघितला असेल, जून 2014 मध्ये आलेला. मग तिसऱ्याची वाट बघत बसलात. तेव्हा तारीख होती जून 2016, मग झाली जून 2017, मग 2018, आणि शेवटी अमेरिकेत थिएटरात आला तो 22 फेब्रुवारी 2019 ला. तोवर तुम्ही दहावी-बारावी उरकून मोकळे.

पहिलं वर्ष लांबलं ते मी समजू शकतो, एवढा सिनेमा बनवायला तीन वर्षं लागतातच आणि दिग्दर्शक डीन डेब्लॉईसच्या डोक्यात तीन भागांची गोष्ट आधीपासून होती, म्हणजे घाई करून वाट लावायची नव्हती. पण त्यानंतर जे झालं ते गोष्टीमुळे नाही, हिशोबामुळे झालं. आणि गंमत म्हणजे ड्रॅगनच्या हिशोबामुळे नाहीच, त्याच्या भावंडांच्या, म्हणजे त्याच स्टुडिओच्या बाकीच्या सिनेमांच्या हिशोबामुळे!

बघा, ड्रीमवर्क्स अ‍ॅनिमेशन ही ड्रॅगन बनवणारी कंपनी 2004 मध्ये शेअर बाजारात उतरली. डिस्नेकडे थीम पार्क आहेत, टीव्ही चॅनल आहेत, एखादा सिनेमा पडला तरी घर चालतं. ड्रीमवर्क्सनेही टीव्ही मालिका वगैरे सुरू केल्या होत्या पण मुख्य भरवसा वर्षाच्या दोन-तीन सिनेमांवर, म्हणजे कोरडवाहू शेतीच की हो, एक पाऊस चुकला की वर्ष गेलं. 2012 च्या शेवटी 'राईज ऑफ द गार्डियन्स' आला, जगभर 30 कोटी डॉलरचा गल्ला. तुम्ही म्हणाल हिट. तर कंपनीने त्यावर 8.7 कोटी डॉलरचा राईट-डाऊन दाखवला आणि साधारण 350 लोकांना घरी पाठवलं.

हा राईट-डाऊन जरा नीट समजून घ्या, सगळी मेख इथेच आहे. सिनेमा बनताना जो खर्च होतो तो लगेच खर्च म्हणून लिहीत नाहीत, तो मालमत्ता म्हणून पुस्तकात चढतो, आणि पुढे काही वर्षांत थिएटर, डीव्हीडी, टीव्ही, खेळणी यातून अमुक इतके पैसे येतील असा अंदाज धरून हळूहळू उतरवतात. मग सिनेमा लागला, अंदाज चुकला, की ती फुगवलेली किंमत एकदम खाली आणावी लागते आणि सगळा तोटा एकाच तिमाहीत दिसतो. आणि गल्ल्याचा आकडा म्हणजे स्टुडिओच्या खिशातला पैसा नव्हे हो. साधारण निम्मा थिएटरवाले ठेवतात, चीनमध्ये तर स्टुडिओला जेमतेम पाव हिस्सा मिळायचा. त्यातून वितरकाची फी (2013 पासून फॉक्स 8 टक्के घ्यायचा), जाहिरातींवर झालेला खर्च, आणि मग उरलं तर सिनेमाचे साडेचौदा कोटी वसूल करायचे.

पुढे 'टर्बो'वर राईट-डाऊन, 2014 च्या सुरुवातीला 'मिस्टर पीबॉडी अँड शर्मन'वर 5.7 कोटींचा, वर्षअखेरीला 'पेंग्विन्स ऑफ मादागास्कर'वर परत. या सगळ्याच्या मधे ड्रॅगन 2 आला. अमेरिकेत पहिल्या वीकेंडला 5 कोटी डॉलरच्या आसपास, लोकांची अपेक्षा जास्त होती, झालं, सोमवारी शेअर दहा टक्क्यांहून जास्त पडला. त्याच सिनेमाने पुढे जगभर 62 कोटी केले, पहिल्या भागाने 49 च्या आसपास केले होते. म्हणजे घरातला कमावता पोरगा हाच, पण देणी भावांची, आणि लग्न मात्र याचं पुढे ढकललं!

जानेवारी 2015 मध्ये तर कमालच झाली. 11 तारखेला ड्रॅगन 2 ला गोल्डन ग्लोब मिळाला, आणि दोनच आठवड्यांच्या आत कंपनीचा प्रमुख जेफ्री कॅट्झेनबर्गने जाहीर केलं की 500 नोकऱ्या जाणार, वर्षाला तीनऐवजी दोनच सिनेमे, एकेका सिनेमाचं बजेट 12 कोटींपर्यंत खाली आणायचं. रेडवुड सिटीचा पीडीआय स्टुडिओ बंद, 'श्रेक' ज्याने घडवला तो. ग्लेनडेलचं मुख्यालयसुद्धा साडेअठरा कोटींना विकून तिथेच भाड्याने राहिले. (हे मला सगळ्यात जास्त लागलं, स्वतःच्याच घरात भाडेकरू.) 2014 चा एकूण तोटा जवळपास 31 कोटी डॉलर.

आता वर्षाला दोनच जागा म्हटल्यावर रांगेतले सगळे मागे सरकले, ड्रॅगन 3 एकदम 2018 मध्ये गेला. आणि सिनेमा पुढे ढकलला की पैसे वाचतात असं समजू नका, अ‍ॅनिमेटर पगारी असतात, काम पुढे गेलं तरी पगार चालूच, म्हणून तर लेऑफ येतो. बंगळुरूला टेक्निकलरमध्ये ड्रीमवर्क्सचं वेगळं युनिट होतं, आपल्याकडची कितीतरी पोरं तिथे असायची, त्यांना विचारा स्लेट, म्हणजे येणाऱ्या सिनेमांची यादी, बदलली की काय होतं ते.

2016 मध्ये कॉमकास्टने कंपनी 3.8 अब्ज डॉलरला घेतली आणि तारखा परत हलल्या, आता कॉमकास्टच्याच युनिव्हर्सल स्टुडिओच्या सोयीने. पण एक झालं, तोवर ड्रीमवर्क्सचा नवा रेंडरर (कॉम्प्युटरवरच्या दृश्याला उजेड-सावलीसकट शेवटचं चित्ररूप देणारं सॉफ्टवेअर) मूनरे तयार झाला आणि तो पहिल्यांदा पूर्ण लांबीच्या सिनेमाला वापरला तो ड्रॅगन 3 लाच. ती ड्रॅगनची गुप्त दुनिया, तो सगळा उजेड आठवा, 2016 मध्ये ते तसं दिसलं नसतं असं माझं मत आहे. बजेट 12.9 कोटी, म्हणजे आधीच्या दोन्ही भागांपेक्षा कमी, आणि अमेरिकेतलं ओपनिंग साडेपाच कोटी, दुसऱ्या भागापेक्षा जास्त.

ड्रीमवर्क्सच्याच 'द क्रूड्स'चं मात्र विचारू नका. 2013 मध्ये 58 कोटींच्या वर कमावलेला सिनेमा, तरी त्याचा दुसरा भाग नव्या मालकांच्या काळात नोव्हेंबर 2016 मध्ये रद्द झाला, दहा महिन्यांनी परत सुरू केला, आणि थिएटरात लागला नोव्हेंबर 2020 मध्ये, तेव्हा निम्मी थिएटरं कोविडने बंद.