दहा, बारा, अठरा

(दृश्य: निफाड, पहाट. द्राक्षबागेत घडांची विरळणी चालू आहे.)

या निफाडात १८४२ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे जन्मले. १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे रानडे वडिलांच्या शब्दापुढे नमले आणि अकरा वर्षांच्या रमाबाईंशी त्यांचं लग्न लागलं. ते तेव्हा एकतीस वर्षांचे होते.

त्या काळी मुलीचं वय आकड्यात कोण मोजत होतं? तिला पदर आला, की गर्भाधानाचा विधी उरकायचा आणि तिने नांदायला जायचं. शरीराची एक खूण दिसली, म्हणजे पोर संसाराला तयार झाली, असं सगळं घर धरून चालायचं. तिच्या मनाचा प्रश्न कुठे उद्भवतच नव्हता.

१८६० च्या दंडसंहितेने शरीरसंबंधाला संमती देण्याच्या वयाचा आकडा घातला, तो दहाचा. तीस वर्षांनी कलकत्त्यात फुलमणी दासीचा खटला उभा राहिला. नवऱ्याच्या अत्याचाराने मेली तेव्हा ती जेमतेम अकराची होती. पण दहा वर्षं पुरी झालेली, म्हणून त्याच्यावर बलात्काराचा गुन्हा लागूच शकला नाही.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ही मर्यादा बारा केली. पुण्यात रान पेटलं. परक्या सरकारने धर्मात हात घालू नये, असं टिळकांचं म्हणणं. मुलींची लग्नं सोळाच्या आत करू नयेत हे त्यांनाही मान्य होतं, पण समाजाने ते आपणहून करावं. संस्कृत पंडित भांडारकरांनी शास्त्रवचनांच्याच आधारे कायद्याची बाजू मांडली. रानडेही कायद्याच्या बाजूने उभे राहिले. मला यात ढोंग दिसत नाही. रूढीपुढे न्यायाधीशाचंही घरात चालत नाही, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं.

आज ही मर्यादा अठरा आहे. मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखण्यासाठी आलेल्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठराखालची प्रत्येक व्यक्ती बालक ठरली. तरी बायको पंधराच्या वर असेल, तर नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागत नसे, ही सूट दंडसंहितेत राहिली होती. कुंकू लागलं की संरक्षण तीन वर्षांनी घटायचं! सर्वोच्च न्यायालयाने ती सूट २०१७ मध्ये काढली.

(दृश्य: दिंडोरी. बागेच्या कडेला मजुरांच्या झोपड्या.)

नाशिक जिल्ह्यातल्याच पेठ, सुरगाणा तालुक्यांतून कुटुंबं हंगामाला इथे उतरतात. वयात आलेली पोर गावी एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची? मग दोनाचे चार हात करून टाकतात. आईबापांची भीती खोटी नसते. पण ज्याच्या हातात आपली मजुरी, आपलं छप्पर किंवा आपले मार्क आहेत, त्याला पंधरा वर्षांची मुलगी नाही कशी म्हणणार? म्हणून तिचा होकार कायदा धरत नाही.

दुसरी बाजूही आहे. सतरा वर्षांची मुलगी परजातीच्या मुलाबरोबर निघून जाते आणि अब्रू वाचवायला घरचे त्या मुलावर हाच कायदा लावतात. कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने २०२३ मध्ये अठराची मर्यादा कायम ठेवायला सांगितलं, मात्र सोळा ते अठरामधल्या अशा प्रकरणांत शिक्षेबाबत न्यायाधीशांना मोकळीक द्यावी, असंही सुचवलं. मला हे पटतं. वर्गातला मुलगा आणि चाळिशीचा मुकादम एका मापाने मोजता येत नाहीत.

(दृश्य: मांडव. शाळा सोडल्याचा दाखला, अगदी जवळून.)

गावात बालविवाह थांबवण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर असते. जन्मतारखेवर बोट ठेवून तो हिशोब करतो. सतरा वर्षं, चार महिने.

"भाऊसाहेब, आठच महिन्यांचा तर प्रश्न आहे," आई म्हणते.

आत मुलगी हळद लावून बसली आहे. भाऊसाहेब तिला बाहेर बोलवायला सांगतात.