नटवलेला घोडा आणि बसायचा घोडा

(शहाद्यात घोडेवाले आणि नवशिक्या स्वारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, रामराम. दत्तजयंती पंधरा दिवसांवर आली. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारासाठी तापीकाठी राहुट्या ठोकायला सुरुवात झाली असेल, आणि इकडे तुमच्या घरी गोंड्यांची पोती माळ्यावरून खाली आली असतील. पोरांनी मला विषय दिला, ‘घोड्याची रंगीत सजावट’. मी म्हटलं, त्यासाठी वरातीचा घोडेवाला बोलवा की, मी तर घोड्यावर बसायला शिकवणारा माणूस. पोरं म्हणाली, सर, म्हणूनच. नटवलेल्या घोड्यावर बसायचं कसं, ते सांगा.

जनावर नटवायचं कसं, हे आपण पोळ्याला शिकतो. शिंगांना रंग, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगुरमाळ, पाठीवर झूल. पण पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. त्याला मिरवायचं, पुरणपोळी चारायची, दिवस संपला. घोड्याचं आपण काय करतो? तेवढंच सगळं त्याच्या अंगावर चढवतो आणि वर स्वतः चढतो. दुडकी चालवतो, रवाल चालवतो, गिऱ्हाईक आलं की पळवून दाखवतो. झूल सरकते, गोंडा डोळ्यावर येतो, लोंबणारी दोरी तंगाखाली, म्हणजे पोटाखालून आवळायच्या पट्ट्याखाली, अडकते. घोडा बुजला की आपण म्हणतो, जनावर खट आहे.

मी हौसेच्या विरुद्ध नाही. माझ्या घोडीच्या सामानात पिवळा आहे, निळा आहे, एक गुलबक्षीसुद्धा आहे. माझं म्हणणं एवढंच, की पोळ्याची सजावट उभ्या जनावराची असते आणि आपली चालत्या जनावराची. जिथे घाम येतो, जिथे घासतं, जिथे ओढ बसते, तिथे रंगाआधी शिवण बघायची.

आधी रंगाचंच घेऊ. आपण घोड्याला लाल फार घालतो. लाल गोंडा, लाल झूल, लाल कलगी. घोड्याला मात्र लाल दिसतच नाही. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, घोड्याच्या डोळ्यात दोनच. निळा आणि पिवळा त्याला वेगवेगळा कळतो, लाल आणि हिरवा मात्र एकाच मळकट छटेचे वाटतात. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर उभं राहिलं की आपले डोळे दिपतात ना? तुमच्या घोड्याच्या लेखी ते मातकट पिवळ्या रंगाचं वावर आहे. लाल आपण घालतो ते आपल्यासाठी, आणि शेजारच्या राहुटीवाल्याला जळवण्यासाठी.

यात गमतीपलीकडे कामाची गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये शर्यतीच्या अडथळ्यांवर वर्षानुवर्षं नारिंगी रंग असायचा, कारण तो माणसाच्या डोळ्यात भरतो. मग घोड्यांना काय दिसतं याचा अभ्यास झाला आणि 2022 मध्ये तिथे नारिंगी काढून झगझगीत पांढरा आणायला सुरुवात झाली. तुम्ही पोरं शिकवणीसाठी बांबू मांडता आणि त्यांना गेरू फासता. गेरू नको, चुना फासा. चुना स्वस्तही पडतो.

दुसरं म्हणजे घोडा जवळजवळ 350 अंशांत बघतो. दिसत नाही ते अगदी कपाळासमोर आणि शेपटीमागे. मान न वळवता त्याला तुमचा गुडघा दिसतो. म्हणजे गालाजवळ हलणारा प्रत्येक गोंडा, छातीवर उडणारी प्रत्येक झालर त्याच्या नजरेच्या कडेला सारखी फडफडत असते. रंग कळो न कळो, हालचाल कळतेच. म्हणून नवीन सामान यात्रेच्या सकाळी पहिल्यांदा चढवू नका. आठ दिवस आधी ठाणावर दाखवा, वास घेऊ द्या, मग म्होरकीला बांधून हाताने फिरवा, मग बसा. घुंगरांचंही तेच.

आता माझी फजिती सांगतो. माझ्याकडे एक नुकरी घोडी होती, पांढरीशुभ्र, कातडी गुलाबी. नाव कापशी. एका वर्षी यात्रेसाठी मी बाजारातून टकटकीत लाल कापड आणलं, खोगिराखाली घालायचा नमदा त्यात मढवला, पेशबंदावरही, म्हणजे छातीवरच्या पट्ट्यावरही, तेच शिवलं. काय दिसत होती! थंडीचे दिवस होते म्हणून मला वाटलं, घाम कुठला येतोय. तासभर फिरवली, दोनदा पळवली, आणि राहुटीवर येऊन खोगीर उतरवलं तर पाठीवर दोन्हीकडे लालभडक चट्टे, छातीवर आडवा पट्टा. कच्चा रंग घामाने उतरला होता. एक गिऱ्हाईक पाठ बघून काही न बोलता निघून गेलं, त्याला वाटलं जखम आहे. मागून एक म्हातारबा आले, त्यांनी बोट ओलं करून घासून बघितलं आणि म्हणाले, “काय भो, हाई घोडी शे का रंगपंचमी?” धुऊन धुऊन ती आठवडाभर गुलाबीच होती.

तेव्हापासून माझ्या घरी रंगीत कापडाची परीक्षा अशी असते. पांढरा पंचा मिठाच्या कोमट पाण्यात भिजवायचा, पिळायचा आणि कापडावर जोर लावून घासायचा. पंच्यावर रंग आला तर ते कापड घोड्याच्या अंगाला लावायचं नाही. वरून झालरीला लावा हवं तर. अंगाकडची बाजू सुती, बिनरंगाची, आणि शिवणीची गाठ बाहेर. हे उलटं करणारे शिंपी मी पुष्कळ बघितले. बाहेरून आरशांचं काम, आतून टाके आणि गाठी. माणूस बसला की सगळं वजन त्या गाठींवर येतं आणि तीन दिवसांत पाठ लागते. तुमच्या खोगीरभरतीत काय आहे ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, घोड्याला मात्र टोचतं.

पायाच्या पट्ट्या. शहरातल्या रायडिंग स्कूलमध्ये पोरांनी बघितलंय, खोगिराखालचं पॅड, कानटोपी आणि चारही पायांच्या पट्ट्या एकाच रंगाच्या. दिसतं छान, मलाही आवडतं. पण पट्टी हा दागिना नव्हे. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस नाही. हाड, त्याच्या मागे दोरीसारखे कंडरे आणि वर कातडी. तिथे पट्टी एका जागी आवळली की ओढ थेट कंडऱ्यावर येते. ढिली राहिली तर पळताना सुटते आणि दुसऱ्या पायाखाली येते, मग घोडा आणि तुम्ही दोघंही मातीत. प्रत्येक वेढ्याला ओढ सारखी हवी, कापडाला चुणी नको, बांधून झाल्यावर वरच्या काठात एक बोट सहज गेलं पाहिजे. त्या मऊ केसाळ पट्ट्यांत ऊब कोंडते. मार्गशीर्षात ठीक आहे, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात असतो. तेव्हा फोटोसाठी बांधून तासभर ठेवू नका. ओढ्यातून गेलात आणि पट्टी भिजली तर तिथेच उतरून सोडा.

कानटोपीबद्दल माझं मत जरा कडक आहे. क्रोशाने विणलेली टोपी माश्यांसाठी चांगली. आपल्या बायाबापड्या दाराची तोरणं विणतात, त्यांना कानाचं माप दिलं तर विकतच्यापेक्षा बरी विणून देतील. पण मारवाडी घोडा विकायला नेताना टोपी? मारवाडीचे कान आत वळलेले, टोकाला टोक भिडणारे. काठेवाडीचंही सौंदर्य तेच. गिऱ्हाईक ते बघायला एवढ्या लांबून येतं आणि तुम्ही ते झाकून ठेवता!

विलायतेतल्या शोमध्ये या बाबतीत शिस्त आहे. हंटर, म्हणजे शिकारीच्या घोड्यांच्या वर्गात घोडा आला तर साधं चामडं, रंग नाही. हॅक नावाच्या नाजूक चालीच्या घोड्याला मात्र मखमली, फितीची कपाळपट्टी चालते. घोडा कोणत्या कामाचा, ते सामानावरूनच कळतं. आपल्याकडे भारदस्त हाडाच्या घोड्यालाही नवरीसारखं मढवतात, त्यात त्याची छाती आणि खांदा दिसेनासा होतो. मुश्कीला, म्हणजे काळ्या घोड्याला, काहीही शोभतं. कुमैताला, म्हणजे तांबूस अंगाच्या आणि काळ्या आयाळीच्या घोड्याला, मोहरीच्या फुलाचा पिवळा किंवा गडद हिरवा द्या. ठिपक्याठिपक्यांच्या अबलखाला एकच रंग पुरे, तो जात्याच नटलेला असतो.

एक गोष्ट मात्र तिकडची उचलण्यासारखी आहे. तिथे शेपटीला लाल फीत बांधली असेल तर अर्थ असा, की हा घोडा लाथ मारतो, मागे अंतर ठेवा. हिरवी असेल तर घोडा नवा, कच्चा आहे. आपल्याला लाल फीत म्हटलं की कचेरी आठवते. यात्रेत तर निम्म्या घोड्यांच्या शेपटीला शोभेचं लाल असतं, मग खुणेला अर्थ राहत नाही. निदान आपल्या गटाने ठरवूया, एकत्र फेरीला निघताना शेपटीत लाल फक्त लाथाळ जनावराला. बाकीचे रंग मोकळे.

कुणी तरी चिठ्ठी पाठवलीय, मेंदीचं विचारलंय. पांढऱ्या घोड्याच्या पायांना आणि शेपटीला साधी पाल्याची मेंदी लावा, जुनी रीत आहे. ‘काळी मेंदी’ म्हणून पुडीत मिळते ती नको. तिच्यात बऱ्याचदा पीपीडी नावाचं केस रंगवायचं रसायन असतं, त्याने कातडी सोलवटते.

जाता जाता शब्दाची एक गंमत. पेपरात येतं, ‘बिबट्या जेरबंद’. जेरबंद मुळात आपल्याच सामानातला शब्द. घोड्याने मान वर फेकू नये म्हणून तंगापासून पुढच्या पायांमधून वर नेलेला पट्टा, तो जेरबंद. यावर गोंडे लावू नका, एवढंच सांगतो. तो पट्टा हलता राहिला पाहिजे आणि वाग, म्हणजे लगामाची दोरी, त्याच्या कडीतून सुळकन सरकली पाहिजे. गोंडा कडीत अडकला की लगाम हातात असून नसल्यासारखा. ज्या पट्ट्याचं काम घोडा आवरण्याचं आहे, त्याच्यावर हौस नको. कपाळपट्टी, पेशबंदाचा मधला भाग, नमद्याची मागची कड, दुमचीचा, म्हणजे शेपटीखालून जाणाऱ्या पट्ट्याचा, वरचा भाग, एवढ्या जागा मोकळ्या आहेत, त्या हव्या तशा रंगवा. आणि जे काही लोंबतं ठेवाल ते कच्च्या सुताने टाका, नायलॉनने नाही. काटेरी कुंपणाला अडकलं तर सूत तुटलं पाहिजे, घोडा नाही.

ही एक कपाळपट्टी मी आणलीय, हातोहात फिरवा. बाहेरून निळ्या मण्यांची आणि कवड्यांची आहे, दिसायला पहिल्या नंबरची. तुम्ही आतली बाजू बघा, कानामागे जाते त्या टोकापाशी बोट फिरवा. लागलं काही? तारेचं टोक आहे. दुकानदाराने दाखवली तेव्हा मलाही ते दिसलं नव्हतं, घोड्याने मान झटकली तेव्हा कळलं. पक्कड आणलीय, तार इथेच काढू. मग बाहेर चला, मैदानात घोडी उभी आहे. पट्टी बांधून दाखवतो, त्यानंतर प्रत्येकाने एकेक पाय बांधायचा आणि शेजाऱ्याने बोट घालून बघायचं.