आकडीचे औषध आणि यकृत

आई मापाचे टोपण डोळ्यांसमोर धरते, सिरप नेमके रेघेला टेकले आहे ना हे दोनदा पाहते आणि मगच ते लेकराच्या ओठांना लावते. या सिरपचे नाव सोडियम व्हॅल्प्रोएट. मूळ व्हॅल्प्रोइक आम्ल १८८२ साली तयार झाले आणि पुढची ऐंशी वर्षे ते इतर रसायने विरघळवण्याच्याच कामी येत राहिले. १९६२ च्या सुमारास फ्रान्समधील ग्रेनोबल येथे संशोधक पिएर एमार दुसरे पदार्थ यात विरघळवून तपासत होते, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की, आकडी थोपवण्याचा गुण विरघळवलेल्या पदार्थांत नसून या द्रावकातच आहे.

तेव्हापासून या औषधाने असंख्य मुलांच्या आकड्या थांबवल्या आहेत. मात्र त्याचे विघटन मुख्यतः यकृतात होते, आणि तेथील पेशींत चरबीपासून ऊर्जा मिळवण्याच्या कामात ते अडथळा आणू शकते. बहुतेकांचे यकृत हा भार सहज पेलते. दोन वर्षांखालील आणि एकाच वेळी आकडीची अनेक औषधे घेणाऱ्या मुलांत मात्र गंभीर इजेचे प्रमाण सुमारे पाचशेत एक इतके आढळले होते. वय वाढते तसा हा धोका झपाट्याने उतरतो. पीओएलजी या जनुकात दोष असलेल्या मुलांना तर हे औषध देऊच नये.

रक्ततपासणीच्या कागदावर एसजीपीटी या यकृतातील विकराचा (एन्झाइमचा) आकडा थोडा वाढलेला दिसला की घरच्यांचा धीर सुटतो. अशी किरकोळ वाढ अनेकांत होते आणि बरेचदा आपोआप ओसरते. फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन ही आकडीची दुसरी औषधे घेणाऱ्यांत जीजीटी हे यकृताचेच आणखी एक विकर वाढलेले दिसते, तेही पुष्कळदा यकृताला इजा झाली म्हणून नव्हे, तर ही औषधे यकृतातील विकरांना अधिक कामाला लावतात म्हणून. उलट, व्हॅल्प्रोएट घेताना यकृताचा अहवाल ठीक असतानाही रक्तातील अमोनिया वाढून मूल गुंगीत जाऊ शकते. म्हणून कागदाइतकेच लक्ष लेकराकडे हवे, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत. वारंवार उलट्या, अन्नावरची वासना उडणे, नेहमीपेक्षा अधिक सुस्ती, चेहऱ्यावर सूज, आटोक्यात आलेली आकडी पुन्हा सुरू होणे, यांपैकी काहीही दिसले तर डोळे पिवळे होण्याची वाट पाहू नये. कावीळ पुष्कळदा उशिरा दिसते. फेनिटॉइन सुरू केल्यावर काही आठवड्यांत ताप आणि अंगावर पुरळ एकदम आले, तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. क्षयाचे औषध सुरू होणार असेल, तर आकडीच्या गोळ्यांची चिठ्ठी आधी दाखवावी, कारण आयसोनियाझिडमुळे फेनिटॉइन रक्तात साचते आणि यकृतावरही ताण येतो.

यकृताच्या धास्तीने घरीच औषध बंद करणे हे मला सर्वांत भयंकर वाटते. औषध एकाएकी तुटले, तर न थांबणारी आकडी येऊन जिवावर बेतू शकते. व्हॅल्प्रोएट थांबवणे भागच पडले, तर डॉक्टर त्याच्या जागी दुसरे औषध देतात, बहुधा लेव्हेटिरासिटामसारखे, जे मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. आणि यकृताला गंभीर इजा झालेली असेल, तर रुग्णालयात शिरेवाटे कार्निटिनही देतात, म्हणजे पेशींना चरबीपासून ऊर्जा मिळवण्यासाठी लागणारा पदार्थ.