रविवारच्या फोनवर न सांगितलेलं

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्यापैकी कितीतरी घरांत रविवारी फोनची वाट बघितली जाते. मुलगा लंडनला, मुलगी मँचेस्टरला, कुणाची नात एडिंबरोत शिकायला. फोन येतो, चेहरे दिसतात, ‘जेवलात का’ विचारून होतं, ‘थंडी किती’ विचारून होतं, आणि तिकडून उत्तर येतं, “सगळं ठीक.” मीही साताऱ्याला आईला वर्षानुवर्षं हेच सांगत आले. ते खोटं नव्हतं. पण आठवडाभर जे खरोखर घडलं, ज्यानं डोकं उठलं किंवा बरं वाटलं, ते सांगण्याइतकं मोठं नाही म्हणून राहूनच जायचं. आज मी तुम्हाला ते राहिलेलं सांगणार आहे.

आम्ही बावीस वर्षं इंग्लंडच्या दक्षिणेला एका मध्यम गावात राहतो. एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांची रांग आहे. पुढे चार पावलांचं अंगण, मागे लांबट परस. आमच्या गल्लीचा आठवडा बुधवारी सकाळी सुरू होतो, कारण बुधवारी कचऱ्याची गाडी येते. आपल्याकडची घंटागाडी गाणं वाजवत येते, आपण बादली घेऊन धावतो. इथे तसं नाही. चाकं लावलेले, कमरेच्या वर येणारे मोठे डबे असतात, त्यांना सगळे बिन म्हणतात. एका बुधवारी काळा, पुढच्या बुधवारी निळा. काळ्यात नुसता कचरा, निळ्यात कागद, पुठ्ठा, डबे, बाटल्या. शिवाय खरकट्याचा छोटा डबा वेगळा. दुसऱ्या गावात गेलात की हेच रंग बदलतात, म्हणून घर बदलणारा माणूस पहिले दोन महिने चुकतोच. बिन आदल्या रात्री रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायचा आणि झाकण पूर्ण बसलेलं हवं.

या घरातल्या पहिल्याच हिवाळ्यात मी भज्यांचं तेल टिपलेले कागद निळ्या बिनमध्ये टाकले. माझ्या मते कागद तो कागद. बुधवारी संध्याकाळी कामावरून येऊन बघते तर गल्लीतले सगळे बिन रिकामे, आमचाच भरलेला आणि त्याच्या दांड्याला चिठ्ठी अडकवलेली: चुकीची वस्तू, नेलं नाही. तेल लागलेला कागद पुनर्वापराला चालत नाही, सोबतचा चांगला कागदही त्यानं वाया जातो, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मात्र फार लागलं मनाला. भर गल्लीत ती चिठ्ठी, आणि पुढचे दोन आठवडे तो तुडुंब बिन दारात.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजी आल्या. तोवर आमची ओळख ‘गुड मॉर्निंग’पुरतीच होती. त्यांनी काउन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, आलेल्या वर्षभराच्या तक्त्याची प्रत काढून आणली होती आणि निळे बुधवार स्वतः पेननं रंगवले होते. तो कागद मी स्वयंपाकघरात कालनिर्णयाच्या शेजारी लावला. तेव्हापासून दर वर्षीचा तक्ता तिथेच लागतो. एकादशी कधी आणि निळा कधी, दोन्ही एका नजरेत.

आता फोडणीचं सांगते. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर छताला बशीएवढा पांढरा धुराचा अलार्म आहे. इंग्लंडमध्ये खासगी भाड्याच्या घरात प्रत्येक मजल्यावर असा एक तरी हवा, असा नियम १ ऑक्टोबर २०१५ पासून आहे, आणि तो योग्यच आहे. घरं एकमेकांना चिकटलेली, आतले जिने आणि जमिनी लाकडी. आग लागली तर वेळ मिळत नाही. पण तेल तापून मोहरी तडतडली, त्यात हिंग-मिरची पडली की त्या यंत्राला ती आगच वाटते. आवाज असा की पाळण्यातलं मूल दचकून रडतं. मग खिडक्या उघडायच्या, जानेवारीचा गारठा घरात घ्यायचा आणि कुणीतरी स्टुलावर चढून पंचानं वारा घालायचा. कित्येक मराठी मुलं इथे अलार्मच्या भीतीनं फोडणीच देईनाशी होतात, आणि वरण नुसतं उकडून खातात. याचं मला खरंच वाईट वाटतं. त्यांना सांगा: आधी दार लावायचं, खिडकी उघडायची, पंखा सुरू करायचा, मग छोट्या कढल्यात फोडणी करून लगेच झाकण ठेवायचं. स्वयंपाकघरासाठी धुराऐवजी उष्णतेवर चालणारा अलार्म मिळतो, घरमालकाशी बोलून तो लावून घ्यायचा. अलार्मची बॅटरी मात्र कधीही काढून ठेवायची नाही.

याच अलार्मची दुसरी गोष्ट रात्रीची. बॅटरी संपत आली की तो थोड्या थोड्या वेळानं एकदा ‘चिक्’ करतो. आणि हे सुरू होतं पहाटे तीन-चारला. त्याला कारण आहे. रात्री हीटिंग बंद असतं, घर गार पडतं, आणि गारठ्यात आधीच दमलेल्या बॅटरीचा जोर आणखी कमी होतो. एका डिसेंबरमध्ये मला पहाटे तो आवाज आला. वरखाली फिरून आमचे दोन्ही अलार्म बघितले, दोन्ही ठणठणीत. भिंतीला कान लावला तेव्हा कळलं, आवाज पलीकडून येतोय.

सकाळी मी स्टूल आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घेऊन शेजारच्या आजींकडे गेले. ऐंशीच्या पुढचं वय, गुडघे धरलेले, छतापर्यंत हात पोचणार कसा? दोन रात्री त्या झोपल्या नव्हत्या. मी बॅटरी बदलली, दोन मिनिटांचं काम. चहा पिताना मी विचारलं, लीड्सला मुलीला फोन केला होतात ना परवा, तिला का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला तिला काळजी लावायची.

मी घरी आले, पण ते वाक्य माझ्याबरोबर आलं. दोन रात्री जागून काढलेल्या माणसानं मुलीला ‘सगळं ठीक’ सांगितलं होतं. मी तरी आईला काय सांगत होते? आणि आई मला काय सांगत असेल? त्या रविवारी मी आईला अलार्मची सगळी हकीकत सांगितली. तिनं ती शेजारणीला सांगितली, आणि मग तीही सांगायला लागली: नळाला पाणी दिवसाआड येतंय, जिन्यातला दिवा गेलाय, औषधाच्या डबीचं झाकण तिला उघडत नाही. ते झाकण मला कितीतरी महिने माहीतच नव्हतं.

घड्याळाची कथा तर आम्हा दोघींचीच आहे. इथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. म्हणजे भारताशी अंतर उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. पहिल्या वर्षी मला कुणी हे नीट समजावलं नव्हतं. मी दर रविवारी माझ्या सकाळी दहाला कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेलं फोनचं कार्ड खरवडून आईला लावायची. तिकडे अडीच वाजलेले असत. आईचं जेवण उरकलेलं, ती फोनजवळ खुर्ची ओढून बसलेली. ऑक्टोबरच्या त्या रविवारीही मी दहालाच फोन केला, पण साताऱ्यात साडेतीन झाले होते. तासभरात आईनं पुण्याला भावाला फोन केला होता, देवापाशी दिवा लावला होता. फोन उचलल्यावर ती काही बोललीच नाही, आधी रडली.

तिला शांत केल्यावर मी घड्याळाचं सांगितलं. “अख्ख्या देशानं घड्याळ मागे घेतलं? आणि कशासाठी गं?” तिच्या या प्रश्नाचं उत्तर मी नंतर शोधून तिला दिलं. विल्यम विलेट नावाचा एक घरं बांधणारा गृहस्थ होता. उन्हाळ्यात पहाटेच लख्ख उजाडतं आणि लोक मात्र पडदे ओढून झोपलेले, हे बघून तो हळहळायचा. १९०७ मध्ये त्यानं स्वतःच पत्रक छापलं: एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटं घड्याळ पुढे करा. संसदेनं ते मानलं नाही. १९१५ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी, महायुद्धात कोळसा वाचवायला आधी जर्मनीनं आणि मग २१ मे १९१६ ला ब्रिटननं घड्याळ पुढे केलं. आई ऐकून म्हणाली, “बिचाऱ्याला बघायला मिळालं नाही.” तेव्हापासून ऑक्टोबर आला की तीच मला आठवण करते.

घड्याळ मागे गेलं की दिवस एकदम आकसतो. डिसेंबरात लंडनच्या बाजूला चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो, शाळेतून मुलं घरी पोचेतो दिवे लागलेले असतात. फोन आपोआप जुळवून घेतो, पण ओव्हनचं, गाडीचं आणि जुन्या बॉयलरचं घड्याळ हातानं फिरवावं लागतं. बॉयलरचं विसरलात तर घर भलत्याच वेळी तापतं आणि हवं तेव्हा गार. तुमची मुलगी नोव्हेंबरात नुसतीच गप्प वाटली तर त्यात या अंधाराचा वाटा असतो. तिला एवढंच विचारा, आज उजेडात बाहेर पडलीस का?

आई इथे राहायला आली ती २०१८ च्या उन्हाळ्यात. तिला सगळ्यात आधी खटकलं ते बेसिन. दोन कोपऱ्यांना दोन नळ, एकातून चटका बसेल असं पाणी, दुसऱ्यातून बर्फासारखं, आणि मधलं कोमट कुठेच नाही. पूर्वी गरम पाणी पोटमाळ्यावरच्या टाकीतून यायचं. ती टाकी उघडी, त्यात काय पडेल सांगता येत नसे. थंड पाणी थेट मुख्य वाहिनीचं, पिण्याचं. दोन्हींचा संबंध येऊ नये म्हणून नळ वेगळे ठेवले, आणि जुन्या घरांत ते तसेच राहिले. आईनं पहिल्या दिवशी हात भाजून घेतला. दुसऱ्या दिवशी तिनं बॅगेतून आणलेला तांब्या बेसिनमध्ये ठेवला, दोन्ही पाणी त्यात घेतलं आणि तोंड धुतलं. तो तांब्या अजून तिथेच आहे. पाहुणे विचारतात, मी अभिमानानं सांगते.

पार्सलचं सांगायला हवं, कारण त्यात तुमचाही हात असतो. तुम्ही मायेनं मेतकूट, गोडा मसाला, नातवाला झबली पाठवता. परदेशातून आलेल्या भेटवस्तूंची किंमत ३९ पौंडांच्या वर लिहिलेली असेल तर इथे त्यावर कर लागतो, आणि तो गोळा करण्याचं वेगळं शुल्क. घरी पार्सलऐवजी कार्ड येतं: आधी पैसे भरा. माझ्या बाळंतपणात आईनं कौतुकानं सगळ्याची किंमत चढवून लिहिली होती. दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन मी ते सोडवायला डेपोत रांगेत उभी होते, तेव्हा फार चडफडले. पार्सल उघडलं, डिंकाच्या लाडवांचा वास आला आणि तिथेच बाकावर बसून एक खाल्ला. किंमत खरी लिहा, यादी स्पष्ट लिहा, एवढंच सांगते.

डॉक्टरकडे वेळ मिळवायला अनेक ठिकाणी सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावावा लागतो, आणि रांगेत तुमचा तेविसावा नंबर असल्याचं यंत्र सांगतं. मूल तापानं फणफणलेलं असताना ती वीस मिनिटं जात नाहीत. घसा, कान, किडा चावून चिघळलेली जागा अशा सात तक्रारींसाठी इंग्लंडमधले औषधवाले ३१ जानेवारी २०२४ पासून तपासून औषधही देऊ शकतात. आमच्या कोपऱ्यावरच्या औषधवालीनं माझा घसा असाच बरा केला. नव्यानं आलेल्या मुलांना हे बहुधा ठाऊक नसतं.

आणि हो, शरद ऋतूत रुळांवर पानं पडली म्हणून गाडी उशिरा आली असं मुलगा म्हणाला तर ते अगदी खरं आहे. ओली पानं चाकांखाली चिरडून रुळावर गुळगुळीत काळा थर बसतो, चाकं घसरतात, ब्रेक लवकर लागत नाहीत. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं तो थर काढणाऱ्या खास गाड्या रात्री फिरतात.

आई साताऱ्याला परत गेली तेव्हा माझ्या तक्त्याचा फोटो काढून घेऊन गेली. तिच्या कालनिर्णयावर आता एकाआड एक बुधवारी निळी टिंबं असतात. गेल्या ऑगस्टच्या अखेरीस एका रविवारी फोनवर पहिलंच वाक्य आलं, “या बुधवारी निळा ना गं?” मी म्हटलं, “निळाच, पण उद्या बँक हॉलिडे, म्हणजे सगळ्यांनाच सुट्टी आहे आई, सगळं एक दिवस पुढे जातं. गाडी गुरुवारी येणार.” ती म्हणाली, “थांब हं.” चष्मा शोधला, पेन शोधलं, मधे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी फोन धरून बसले.