वाडी जंक्शन ते व्हाइटहॉर्स

(पडदा काळा. फक्त मागाचा आवाज. मग हळूहळू दिसतं : सोलापूरचा पूर्व भाग, पत्र्याची शेड, चालू असलेले दोनच माग.)

या आवाजात जो लहानाचा मोठा झाला, त्याला शांततेत झोप येत नाही. माझ्या भावाला येईना. दोन वर्षांपूर्वी एका रात्री त्याचा फोन आला, "मागाचा आवाज रेकॉर्ड करून पाठव की. चांगला अर्धा तास पाठव." मला वाटलं चेष्टा करतोय. पण पाठवला. या फिल्मसाठी केलेलं पहिलं रेकॉर्डिंग तेच. तेव्हा मला फिल्म करायची आहे हेही माहीत नव्हतं.

भाऊ म्हणजे अण्णा. आम्ही पद्मशाली, मूळचे तेलुगू विणकर. घरात तेलुगू, उंबऱ्याबाहेर मराठी, बाजारात गरजेपुरती कानडी. अण्णा हा शब्द तिन्हीकडे चालतो, म्हणून सगळी गल्लीच त्याला अण्णा म्हणायची.

(नकाशा. सोलापूरवरून सुरू होऊन वर, फार वर.)

अण्णा, वहिनी, त्यांचा आठ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी आता कॅनडाच्या वायव्य टोकाला, युकॉन प्रदेशात राहतात. पलीकडे अलास्का. गावाचं नाव व्हाइटहॉर्स. तिथल्या नदीच्या उतारावर पाणी असं उसळायचं, की पांढऱ्या घोड्यांच्या आयाळी वाटाव्यात, म्हणून हे नाव. युकॉन आपल्या महाराष्ट्राच्या दीडपट मोठा. माणसं पन्नास हजारांच्या आत, त्यातली बहुतेक या एकाच गावात. एकट्या सोलापूर शहरात 2011 च्या जनगणनेला साडेनऊ लाख होती. आज्जीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग भांडायचं कुणाशी?"

(आज्जी. ओसरीवर. हातात जुना धोटा, मागावर आडवं सूत नेणारा, टोकाचं लोखंड झिजलेलं.)

हा धोटा आज्जीच्या सासूचा, म्हणजे आमच्या पणजीचा. पणजी सोलापूरची नव्हे. ती आली निजामाच्या मुलखातून, करीमनगरच्या बाजूनं, नवरा आणि तीन लेकरं घेऊन. धाकटं कडेवर होतं. हैदराबादेहून रेल्वेनं वाडी जंक्शन. तिथून गाडी बदलून गुलबर्गामार्गे सोलापूर. आज हा एका दिवसाचा प्रवास. तेव्हा मात्र तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होता, आणि हे शब्दशः खरं आहे. निजामाचं नाणं वेगळं, हाली. इंग्रजांच्या मुलखात चालायचा कलदार. हाली रुपया कलदारापेक्षा हलका. गाठीला बांधलेले पैसे वाटेत बदलले तर ते कमी झाले, आणि पणजीला वाटलं सराफानं फसवलं. मरेपर्यंत तिचा तोच समज होता. करोडगिरीवाल्यांनी, म्हणजे तेव्हाच्या कस्टमनं, गाठोडं सोडून बघितलं. आत काय? मागाची एक फणी, दोन धोटे, कपडे, मिरच्या.

आज्जी हे सांगताना धोटा तळहातावर पुढेमागे सरकवत राहते. ताणा नाही, बाणा नाही, तरी हात चालतोच.

(जुन्या गिरणीचा परिसर. पडझड, उंच चिमणी.)

सोलापुरात विणकर पेशवाईच्या काळापासून येत राहिले, असं इथली जुनी माणसं सांगतात. 1860 साली रेल्वे आली. 1877 साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली, तीच आपली जुनी गिरणी. तेव्हा दुष्काळानं सगळा मुलूख पोळला होता. काम आहे हे कळलं की माणसं येतात. पणजोबांना एका कारखानदाराकडे माग मिळाला आणि त्याच शेडमध्ये राहायला जागा. माग जमिनीत खड्डा करून बसवलेला. दिवसा पणजोबा त्यात पाय सोडून विणायचे, रात्री त्याच खड्ड्यात धाकट्याला झोपवायचे, म्हणजे रांगत कुठं जायला नको. पणजी रहाटावर कांड्या भरायची. मराठीचा एक शब्द येत नव्हता. पहिला शिकली तो "उधार".

आमच्या घरात या गोष्टीला कुणी कधी धाडस म्हटलं नाही. गावाकडे पोट भरत नव्हतं, इथं भरेल असं कुणीतरी सांगितलं, निघाले. अण्णाच्या निरोप समारंभात मात्र माइकवरून तीन वक्त्यांनी धाडस, जिद्द, गगनभरारी वगैरे केलं. डॉक्टर कोटणीसांचं नाव तर आलंच. सोलापुरात कुणी परदेशी निघाला की ते येतंच. कोटणीस 1938 साली चीनला गेले, तिथंच लग्न केलं, मुलगा झाला, आणि 1942 च्या डिसेंबरात बत्तिसाव्या वर्षी तिथंच वारले. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक मी शाळेपासून बघतोय. पण ते युद्धात जखमींची सेवा करायला गेले होते. आमचा अण्णा डिझेल मेकॅनिक. अक्कलकोट रोडच्या एका गॅरेजमध्ये बारा वर्षं ट्रकांखाली झोपलेला माणूस. त्याला दोन मुलांची फी दिसत होती.

(टेबलावर कागद. एकावर एक.)

युकॉनला जायची वाट अशी : आधी तिथला नोकरी देणारा मालक लागतो. मग युकॉनचं सरकार आपल्या नॉमिनी योजनेतून तुमचं नाव पुढे पाठवतं, आणि कायमचं राहू द्यायचं की नाही ते कॅनडाचं केंद्र सरकार ठरवतं. इंग्रजीची परीक्षा, पोलीस दाखला, वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे. सांगायला हे एका दमात होतं. करायला अण्णाला दोन वर्षं सात महिने लागले. त्यातले पाच महिने एका अक्षरात गेले. मुलाच्या जन्मदाखल्यावर आडनाव एका स्पेलिंगनं, पासपोर्टवर दुसऱ्या. तेलुगू आडनाव मराठी कारकुनानं ऐकून इंग्रजीत लिहिलं की हे होतंच. ज्या कार्यालयानं चूक केली, त्यानंच आम्हाला विचारलं, "ही चूक कुणी केली?" वहिनीनं तिथं काय उत्तर दिलं ते मी फिल्ममध्ये ठेवलेलं नाही.

(सोलापूर स्टेशन, रात्र. सिद्धेश्वर एक्स्प्रेस लागलेली.)

2023 चा ऑगस्ट. एकावन्न माणसं सोडायला आली होती. मी मोजली, कारण चहा मला सांगायचा होता. शेजारचा इस्माईलचाचा डब्याच्या खिडकीशी येऊन एवढंच म्हणाला, "लेकरांस्नी घेऊन इतक्या लांब कशाला जाऊलालास बे?" अण्णाकडे उत्तर नव्हतं. गाडीनं उत्तर दिलं, ती हलली.

आज्जी स्टेशनवर आली नाही. आणि मी जाऊ शकत नव्हतो. हे एकदा सांगून टाकतो. अण्णा गेला तो मी राहिलो म्हणून. आज्जीची औषधं, शेडचं भाडं, वहिनीच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. जाणाऱ्यावर फिल्म होते. मीच करतोय म्हणा.

(फोनवर काढलेलं चित्रण. विमानतळ, बॅगा.)

व्हँकुव्हरला कस्टमच्या अर्जात खाण्याच्या वस्तू लिहाव्या लागतात. वहिनीनं सगळं प्रामाणिकपणे लिहिलं : शेंगाचटणी, काळा मसाला, कडक भाकरी. अधिकाऱ्यानं भाकरी हातात घेऊन बोटानं वाजवली. टकटक. मग वहिनीकडे बघितलं. तिनं एक कोपरा मोडून स्वतःच्या तोंडात टाकला आणि चावून दाखवला. त्यानं बॅग बंद केली. तिथून पुढं आणखी अडीच तासांचं विमान, खाली नुसते डोंगर आणि झाडं.

पहिले दोन महिने मजेचे. सोलापूरचं ऊन सोडून आलेल्यांना सप्टेंबरातली पिवळी झाडं, रिकामे रस्ते. आणखी एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती : हे गाव कोरडं आहे. समुद्राकडचे डोंगर ढग अडवतात. वर्षाला जेमतेम 260 मिलिमीटर पाऊस, बर्फ धरून. ज्याला आपण दुष्काळी म्हणतो त्या सोलापुरात त्याच्या दुप्पट तरी पडतो. वहिनीच्या टाचा फुटल्या तेव्हा ती म्हणाली, "हे तर आपलंच हवामान, फक्त फ्रिजमध्ये ठेवलेलं."

(व्हाइटहॉर्सचा रस्ता. प्रत्येक गाडीच्या तोंडातून लोंबणारी वायर.)

ही वायर बघा. मोबाइलला लावावी तशी तिथं गाडी रात्री प्लगला लावतात. इंजिनाला हीटर बसवलेला असतो. नाही लावला तर उणे तीस-पस्तिसात ऑइल घट्ट होतं आणि सकाळी गाडी सुरूच होत नाही. अण्णाचं पोट यावरच चालतं. खाणीवर जाणारे ट्रक, रस्त्यावरचा बर्फ काढणारी यंत्रं. उघड्या हातानं पाना धरला तर कातडी पान्याला चिकटते, हे तो पहिल्याच आठवड्यात शिकला. एका व्हिडिओत त्याच्या ट्रकच्या बॉनेटवर आज्जीनं दिलेली सोलापुरी चादर पांघरलेली दिसली. मोराची नक्षी, लाल काठ. आज्जीनं फोन माझ्या हातातून घेतला. "अंगावर घ्यायची चादर गाडीवर?" अण्णा म्हणाला, "आज्जी, इथं गाडी आजारी पडली तर आम्ही सगळे आजारी."

भाजी दक्षिणेकडून ट्रकनं येते, दोन हजारांहून जास्त किलोमीटर. 2012 च्या जूनमध्ये पुरानं अलास्का महामार्ग तुटला, तेव्हा दुकानांतल्या फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. तिथले जुने लोक नवीन माणसाला हे आवर्जून सांगतात. वहिनीच्या घरात तांदूळ कायम दोन पोती जास्त असतो. पणजीच्या घरात ज्वारी असायची तसा.

(काळोख. घड्याळ : सकाळचे साडेसात.)

थंडीचं सगळे विचारतात. त्यांना खरा त्रास झाला तो काळोखाचा. एकवीस डिसेंबरला सूर्य सकाळी अकरानंतर उगवतो आणि पाचच्या आत मावळतो. पोरगा अंधारात शाळेला जातो. छोटीनं पहिल्या वर्षी उठायचंच बंद केलं. तिच्या हिशेबानं रात्र संपलेली नव्हती. आणि जूनमध्ये उलट. रात्री साडेअकरापर्यंत सूर्य. तेव्हा ती झोपायचं बंद करते.

आपल्यात आणि त्यांच्यात साडेबारा तासांचं अंतर. आज्जीचा फोन रोज रात्री आठला, म्हणजे तिकडे सकाळी साडेसातला. डिसेंबरात दोन्ही खिडक्यांबाहेर अंधार असतो, आणि आज्जीला तेवढ्या दिवसांत ती पोरं जवळ आल्यासारखी वाटतात. उन्हाळा आला की तिचं बिनसतं. "त्यांच्याकडे उजेड कशाला?"

(बशीत लाल मिरच्यांची देठं. वहिनीचा हात, दुधाचं भांडं.)

आता दह्याचं. दुकानात दही मिळतं. वहिनीला ते चालत नाही. तिनं कुठंतरी ऐकलं होतं की विरजण नसलं तर कोमट दुधात सुक्या मिरचीची देठं टाकावीत. पहिलं भांडं नासलं. दुसरं नासलं. तिसरं तिनं ओव्हनमध्ये ठेवलं, ओव्हन बंद, फक्त आतला दिवा चालू.

शेजारची म्हातारी हे बघून हसली आणि तिनं एक गोष्ट सांगितली. 1896 साली तिथल्या क्लोंडाइक भागात सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं लोटली. ते खोदणारे पावासाठी आंबवलेल्या पिठाचा गोळा जवळ बाळगायचे, गोठू नये म्हणून कपड्यांच्या आत, अंगाला लावून. त्यावरून तिथल्या मुरलेल्या माणसाला आजही सावरडो म्हणतात. आंबट पीठ. नवख्याला म्हणतात चीचाको. नवख्याचा मुरलेला कधी होतो? नदी गोठताना बघायची, आणि वसंतात तीच नदी फुटताना बघायची. दोन्ही बघितलं की झालं. डॉसन गावात तर बर्फ कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी फुटेल यावर शंभराहून जास्त वर्षं पैजा लागतात.

वहिनीनं ही गोष्ट आज्जीला तेलुगूत सांगितली. सावरडोला शब्द सापडेना, तेव्हा ती मराठीत म्हणाली, "विरजण, आज्जी. माणसाला विरजण म्हणतात." आज्जी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला तर सोलापुरात सगळे अजून तेलुगूच म्हणतात."

(गड्डा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराची यात्रा. गर्दी. पांढरे बाराबंदी. सात नंदीध्वज. "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र!")

यंदाच्या जानेवारीत अक्षता सोहळा मी फोनवरून दाखवला. इकडे भर दुपार, तिकडे मध्यरात्र उलटलेली. पोरगा जागा होता, मुठीत तांदूळ घेऊन. इकडे अक्षता पडल्या तसे त्यानं तिकडे स्क्रीनवर फेकले. मग त्यानं आज्जीला शाळेत शिकलेला शब्द सांगितला, "शॉ नीथान." तिथल्या मूळ लोकांच्या, सदर्न टुचोनींच्या भाषेत धन्यवाद. आज्जीची पाचवी भाषा. ती आता दूधवाल्यालाही तेच म्हणते. दूधवाला कानडी. त्याला वाटतं ती तेलुगू बोलतेय.

(आज्जी, फोन कानाला. व्हिडिओ चालू आहे, तरी कानाला.)

हे चित्रण या मे महिन्यातलं. सोलापूर त्रेचाळीस अंशांवर, पत्रा तापलेला, लाइट गेलेली. पलीकडून वहिनीचा आवाज.

"आज्जी, नदी मोकळी झाली. पोरांना घेऊन बघून आलो."

"दही लागलं का?"

"लागलं."

"आंबट?"

"नाही, गोड आहे अजून."

"मग अजून दोन तास ठेव," आज्जी म्हणते, आणि फोन माझ्याकडे देते.