हेडसेट, डंपर आणि मे महिन्याचा घाम

नमस्कार, श्रोतेहो. वणी परिसरातल्या कोळसा खाणींत डंपर चालवणाऱ्याला प्रत्यक्ष गाडीवर बसवण्याआधी व्हर्च्युअल रिॲलिटीचा हेडसेट घालून सराव देता येतो. असा सराव माणसाला झेपतो का आणि पुढे कामी येतो का, हे तपासणे हा माझा व्यवसाय आहे. या शास्त्राला मानवी घटकांचा अभ्यास म्हणतात.

दुसऱ्या महायुद्धात बी-17 विमाने नीट उतरल्यावरही काही वैमानिक पंखांच्या झडपांऐवजी चाकेच आत घेत आणि विमान पोटावर बसे. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले, तर दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि सारखेच होते. त्याने एकाला चाकाचा, दुसऱ्याला पाचरीचा आकार सुचवला, म्हणजे न बघताही हाताला फरक कळावा. आमच्या कामाची रीत तीच: चालकाला बोल लावण्याआधी खटका बघायचा.

उपकरण वापरायला सोपे आहे का, हे जोखण्यासाठी जॉन ब्रूक यांनी 1986 साली तयार केलेली दहा विधानांची प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यात एक विधान कौतुकाचे, तर पुढचे तक्रारीचे असते. आपल्याकडचा माणूस पाहुण्याचे मन मोडत नाही. तो प्रत्येक विधानाला ‘हो जी, अगदी बरोबर’ म्हणतो आणि त्याचे गुण 100 पैकी नेमके 50 येतात. असा 50 चा आकडा दिसला की मी कागद बाजूला ठेवते आणि त्याच्या हातांकडे बघते. ब्रेकसाठी त्याचा हात सवयीने कुठे जातो, चष्म्यावर हेडसेट बसतो का, हे त्या आकड्यापेक्षा मला जास्त सांगून जाते.

मळमळीचा प्रश्न मात्र खरा किचकट आहे. डोळ्यांना गाडी धावताना दिसते, पण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला शरीर जागेवरच असल्याचे कळते, आणि या विसंगतीने अनेकांना गरगरते. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रश्नावलीत अशा त्रासाची 16 लक्षणे दिली आहेत आणि त्यांत घाम येणे हेही एक आहे. आता मे महिन्यात, पारा 45 अंशांवर असताना, वणीत घाम कोणाला येत नाही? म्हणून तीच प्रश्नावली हेडसेट घालण्यापूर्वीही भरून घ्यावी लागते, नाहीतर उन्हाचा दोष यंत्राच्या माथी बसतो.

या क्षेत्रात मानसशास्त्राच्या वाटेने येता येते, तशी अभियांत्रिकीच्या किंवा डिझाइनच्याही. मुंबईच्या आयआयटीत 1969 पासून चालणारे आयडीसी हे डिझाइनच्या शिक्षणाचे जुने केंद्र आहे. पण पदवी कोणतीही असो, खाणीत उतरल्याशिवाय हे काम होत नाही. सराव संपल्यावर माती टाकण्याच्या जागी उभे राहून मी पाहते, की चालक गाडी मागे घेताना आरसा बघतो का आणि कडेच्या मातीच्या बांधाआधी वेग कमी करतो का. हेडसेटमध्ये उत्तम गुण मिळवणारे बरेच जण तिथे चुकत असतील, तर अहवालात मी आधी सरावाची दुरुस्ती सुचवते. चालकांना पुन्हा शिकवण्याचा विचार त्यानंतर.